काळा कातळ, पांढरे ढग आणि पाच स्टॉपची स्लाइड

कलर स्लाइड फिल्मवर डोंगर टिपायचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिमालय येतो. रोल महाग, धुलाई महाग. तेव्हा हा खर्च करायचाच तर बर्फाच्या शिखरांवर करावा, घराजवळच्या डोंगरांना मोबाइल पुरे, असा सरळ हिशेब असतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. स्लाइडवर डोंगर नीट उतरवायला ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने आधी सह्याद्रीत शिकावे, आणि तो पुण्यात राहत असेल तर कात्रजपासून सिंहगडाकडे जाणाऱ्या रांगेवर शिकावे. यामागे मातीचे प्रेम आहेच, पण मुख्य कारण प्रकाशमापनाचे आहे. कॅमेऱ्यातला मीटर बर्फापुढे फसतो तेव्हा स्लाइड गडद येते. काळ्या कातळापुढे फसतो तेव्हा ती ओव्हर होते, आकाश आणि ढग जळून जातात. गडद स्लाइडमधून स्कॅन करताना काहीतरी हाती लागते. जळालेल्या स्लाइडमधून काहीच लागत नाही. म्हणजे मीटरची चूक जिथे सर्वांत महागात पडते असा मुलूख आपल्या दाराशी आहे, आणि तिथे हात बसला की पुढे कुठेही जाता येते.

हे पटायला स्लाइड कशी तयार होते ते थोडे खोलात जाऊन पाहावे लागेल. निगेटिव्हवर उमटते ते अंतिम चित्र नसते. त्यावरून कागदावर छपाई व्हायची असते आणि छपाईत उजेड कमीजास्त करता येतो, म्हणून निगेटिव्ह मुद्दाम मवाळ कॉन्ट्रास्टची बनवलेली असते. स्लाइडला अशी दुसरी फेरी नाही. कॅमेऱ्यातून गेलेली तीच पट्टी धुऊन, कापून, ५ सेंटिमीटरच्या चौकोनी माउंटमध्ये बसवून प्रोजेक्टरमध्ये जाते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर रंग ठसठशीत दिसावेत म्हणून तिचा कॉन्ट्रास्ट चढा ठेवतात. तिच्या धुलाईची पद्धत ई-सिक्स या नावाने ओळखली जाते. पहिल्या डेव्हलपरमध्ये, ३८ अंश सेल्सिअस तापमानाला साधारण ६ मिनिटे, प्रकाश लागलेल्या क्षारांची काळी चांदी होते. मग रिव्हर्सल बाथ होतो, आणि त्यानंतर येणारा कलर डेव्हलपर उरलेल्या, म्हणजे प्रकाश न लागलेल्या क्षारांवर काम करतो; रंग तयार होतो तो तिथे. शेवटी ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी धुऊन नेतात. आता ज्या जागी प्रकाश फार पडला तिथे पहिल्याच फेरीत सगळे क्षार संपलेले असतात, दुसऱ्या फेरीला काही उरत नाही, रंग बनत नाही, आणि हाती येते कोरी पारदर्शक पट्टी. सावलीच्या भागात मात्र रंगाचा थर दाट असतो. तो डोळ्याला काळा दिसला तरी चांगल्या स्कॅनरच्या उजेडात थोडेफार काही दाखवतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. मीटर ज्याला मध्यम छटा मानतो, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारी राखाडी छटा, तिच्यापासून वर साधारण २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि खाली अडीच-तीन स्टॉप एवढाच स्लाइडचा वापरता येण्याजोगा पल्ला आहे. एकूण ५ स्टॉप धरून चला. कलर निगेटिव्ह याच्या दुपटीच्या आसपास झेलते, आणि तेही वरच्या, उजळ बाजूला जास्त. आता कात्रजच्या जुन्या बोगद्यावरच्या वाघजाई मंदिराकडून रांगेवर चढून गेल्यावर समोर काय असते ते पाहा. ओला बेसाल्टचा कातळ मध्यम छटेच्या दोन-अडीच स्टॉप खाली असतो. फेब्रुवारीत वणवा लागून गेलेला उतार त्याहूनही काळा. पावसाळ्यातले हिरवे गवत बरेचसे मध्यम छटेवर बसते, वाळलेले सोनेरी गवत अर्धा ते एक स्टॉप उजळ, आणि उन्हातला पांढरा ढग सहज अडीच-तीन स्टॉप वर. कातळापासून ढगापर्यंतचे अंतर ५ स्टॉपच्या बाहेर जाते. मीटरला यातले काही कळत नाही. चौकटीत कातळ आणि जळके रान जास्त असेल तर तो त्या सगळ्याला राखाडी करायला निघतो, एक-दोन स्टॉप प्रकाश जादा देतो, आणि आधीच काठावर उभे असलेले ढग पल्ल्याबाहेर ढकलतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. आयएसओ १०० ची फिल्म, जानेवारीची उतरती दुपार, आग्नेयेकडे पुरंदर, मध्ये वाळके गवत, उजव्या कोपऱ्यात सावलीतला कडा, वर दोन-तीन सुटे पांढरे ढग. स्पॉट मीटरने उन्हातले गवत मोजले तर १/१२५ सेकंदाला एफ/८ आले. ढग मोजला तर एफ/१६. सावलीतला कडा मोजला तर एफ/२.८. ढग आणि कडा यांच्यात ५ स्टॉपचे अंतर आहे, म्हणजे प्रसंग जेमतेम मावणारा आहे. पुस्तकी नियमाने पाहिले तर गवत मध्यम छटेहून उजळ, म्हणून त्याच्या वाचनात अर्धा स्टॉप वाढवून द्यायला हवा. पण तसे केले तर ढग अडीच स्टॉप वर जातो आणि त्याचा पोत जातो. एफ/८ वरच थांबलात तर ढग बरोबर २ स्टॉप वर राहतो, त्यातले गोलावे टिकतात, गवत किंचित दाट आणि जास्त रंगदार येते, आणि कडा ३ स्टॉप खाली जाऊन जवळजवळ काळा होतो. तो काळा होऊ द्यावा. डोंगराच्या चित्रात सावलीतला कडा काळा असणे डोळ्याला खटकत नाही, भोके पडलेले आकाश मात्र लगेच खटकते. याच प्रसंगात पूर्ण चौकटीचे सरासरी मोजमाप, कडा मोठा घेतला असेल तर, एफ/५.६ किंवा एफ/४ सांगेल. तेव्हा क्रम असा बसवावा: ज्या उजळ भागात पोत हवाच आहे तो आधी मोजायचा, तो मध्यम छटेच्या दीड ते २ स्टॉप वर ठेवायचा, मग बाकीचे कुठे पडते ते पाहायचे आणि ते चालत नसेल तर फ्रेम बदलायची किंवा कॅमेरा पिशवीत ठेवायचा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांची झोन पद्धत ज्यांनी वाचली आहे त्यांना हा क्रम उलटा वाटेल, आणि तो उलटाच आहे. ती पद्धत कृष्णधवल निगेटिव्हसाठी बेतलेली होती आणि निगेटिव्हमध्ये आधी सावली सांभाळायची असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्राच्या बाजूने. १९९० नंतरच्या चांगल्या एसएलआर कॅमेऱ्यांत चौकटीचे अनेक भाग वेगवेगळे मोजणारा मीटर असतो, तो एवढे सांभाळून घेत नाही का? बऱ्याचदा घेतो, आणि सूर्य पाठीशी असलेल्या साध्या दृश्यात तो चुकत नाही. अडचण अशी की तो कधी चुकला हे पडद्यावर लगेच पाहण्याची सोय फिल्म कॅमेऱ्यात नसते. चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर. आणि कोणता भाग तुम्हाला प्यारा आहे हे त्याला ठाऊक नसते. दुसरा आक्षेप ब्रॅकेटिंगचा: अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने तीन फ्रेम घ्या, एक तरी बरोबर येईल. एक्स्पोजरबद्दल शंका असेल तेव्हा हा उपाय खराच आहे आणि न चुकवता येणाऱ्या प्रसंगी तो करावा. पण ब्रॅकेटिंगने फिल्मचा पल्ला रुंदावत नाही. दृश्यातच ७ स्टॉपचे अंतर असेल तर तिन्ही फ्रेम तीन वेगवेगळ्या प्रकारे बिघडतात, आणि ३६ फ्रेमचा रोल १२ चित्रांत संपतो. ज्यांच्याकडे स्पॉट मीटर नाही त्यांनी आपला तळहात त्याच उन्हात धरून मोजावा; तो मध्यम छटेपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या वाचनात एक स्टॉप वाढवायचा. स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी असताना एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओएवढा शटर स्पीड हा जुना नियम पडताळ्याला हाताशी असू द्यावा. दोन्ही आकड्यांत एका स्टॉपहून जास्त फरक पडला तर कुठेतरी घोळ आहे असे समजावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एवढा जाच सोसायचाच कशाला? निगेटिव्ह सोशिक आहे, डिजिटल त्याहून सोपे आहे, आणि आज स्लाइडही शेवटी स्कॅनच होते. एके काळी उत्तर सोपे होते: मासिकाला, कॅलेंडरला किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठाला रंगीत चित्र द्यायचे तर छापखाना ट्रान्स्परन्सीच मागत असे, कारण रंगविभाजनासाठी मूळ रंग समोर असणारे तेच एक माध्यम होते. गिर्यारोहण संस्थांचे कार्यक्रमही प्रोजेक्टर आणि स्लाइडच्या ट्रेवर चालत. ही गरज आता संपली आहे. तरीही मी स्लाइडची बाजू घेतो ती दोन कारणांसाठी. लाइट टेबलवर भिंगाखाली ठेवलेल्या स्लाइडमध्ये कातळाची धार, गवताची काडी न् काडी आणि धुरकट निळ्या रांगांचे एकामागून एक फिके होत गेलेले थर ज्या स्पष्टतेने दिसतात ते पाहणे ही स्वतंत्र गोष्ट आहे. कोणत्याही पडद्यावर ती तशी दिसत नाही. दुसरे असे की स्लाइडवर तुमचा निर्णय जसाच्या तसा उमटतो. निगेटिव्हवरून आलेल्या छपाईत लॅबवाल्याचा हात मिसळलेला असतो, डिजिटलमध्ये नंतरची दुरुस्ती मिसळलेली असते. स्लाइडवर अर्ध्या स्टॉपची चूक अर्ध्या स्टॉपची चूक म्हणूनच दिसते, त्यामुळे ती सुधारता येते. स्कॅनमध्ये दुरुस्त करू म्हणणाऱ्यांनी कोऱ्या पट्टीचा मुद्दा आठवावा: जिथे रंग बनलाच नाही तिथून स्कॅनर काय उचलणार?

आता कात्रजच का, याकडे येतो. कात्रजहून निघालेली ही रांग पश्चिमेला, किंचित नैर्ऋत्येकडे झुकत सिंहगडाला जाऊन मिळते. पौर्णिमेच्या रात्री ती तुडवणारे पुष्कळ आहेत. फोटोसाठी मात्र तिच्या पहिल्या दोन-तीन टेकड्याही पुरतात. एका बाजूला पुणे शहर, दुसऱ्या बाजूला खेड शिवापूरचे खोरे, नैर्ऋत्येच्या अंगाला सिंहगड आणि त्यावरचा टीव्हीचा मनोरा, आग्नेयेला पुरंदर आणि वज्रगड, आणि हवा धुतलेली असेल तर लांबवर राजगड. रांग जवळजवळ पूर्व-पश्चिम असल्यामुळे एकाच जागी उभे राहून सकाळ-संध्याकाळ प्रकाशाच्या सगळ्या दिशा मिळतात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या तितकाच दक्षिणेला मावळतो. त्यामुळे त्या दिवसांत सकाळचे कोवळे ऊन सिंहगडाच्या तोंडावर पडते आणि शिवापूरकडचे उतार उजळतात. संध्याकाळी सूर्य कात्रजवरून पाहता जवळपास सिंहगडाच्याच दिशेला खाली जातो; गडाची काळी आकृती आणि मनोऱ्याची रेघ एवढेच उरते. त्याच वेळी पाठ फिरवली की पुरंदरावर तिरपे, बाजूने येणारे ऊन असते, आणि घळी, सोंडा, कड्यांचे पदर उठून दिसतात ते याच उन्हात. सकाळी पुरंदर टिपायचा हट्ट धरला तर तो प्रकाशाच्या उलट्या बाजूला सापडतो. म्हणून कोणता गड कोणत्या वेळचा, हे आधी ठरवून निघावे.

पुण्याकडच्या उतारांचे गणित वेगळे आहे. हिवाळ्यातल्या सकाळी ते सावलीत असतात आणि त्यांच्यावर फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो. आपला डोळा ही निळाई सावरून घेतो. स्लाइड फिल्म दिवसाच्या ५,५०० केल्विनच्या उन्हासाठी जुळवलेली असते, ती सावरत नाही. सावलीतला उतार स्लाइडवर शाईसारखा निळा येतो. उबदार छटेचा ८१ए किंवा ८१बी फिल्टर थोडा उपयोगी पडतो, पण खरा उपाय ऋतू बदलणे हा आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि मावळतो तो पश्चिमेच्या बराच उत्तरेला. जून-जुलैत ढगांमुळे त्याचा उपयोग नसतो. राहतो तो मे महिना, आणि मे म्हणजे धूळ, असे म्हणून पुष्कळ जण कॅमेरा बाहेरच काढत नाहीत. पण वळवाचा पाऊस पडून गेल्यावर त्या संध्याकाळी हवा तासाभरात धुऊन निघते, मागे ढगांचे डोंगर उभे असतात आणि उत्तरेकडचे उतार, जे हिवाळ्यातल्या सकाळी सावलीत असतात, ते तिरप्या उन्हात उजळतात. कात्रजच्या रांगेसाठी वर्षातली ही सर्वांत कमी वापरली गेलेली वेळ आहे असे माझे मत आहे. विजांचा कडकडाट थांबल्याखेरीज मात्र उघड्या धारेवर जाऊ नये. तिथे आडोसा नाही.

पावसाळ्याबद्दल एक गैरसमज आहे की ढगाळ हवेत स्लाइड फुकट जाते. उलट श्रावणातल्या पातळ ढगांखाली दृश्यातला फरक तीन-साडेतीन स्टॉपांवर येतो आणि अरुंद फिल्मला तो आरामात मावतो. अट एकच, पांढरे आकाश चौकटीत घेऊ नका. क्षितिज वर सरकवा किंवा पूर्ण वगळा. उतार, ओढे, धुक्यातून डोकावणारी सोंड, सप्टेंबरात सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा जांभळट गुलाबी रंग यांवर लक्ष ठेवा. दाट धुक्यात मात्र मीटर पुन्हा बर्फासारखा फसतो, तिथे एक स्टॉप वाढवावा लागतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यानंतरचे काही दिवस स्वच्छ हवेचे असतात. दूरचा राजगड मिळायचा तो तेव्हा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी शहरावर आणि खोऱ्यांत धुरक्याचा थर साचतो. तो सरसकट वाईट नाही. सूर्याकडे तोंड करून टिपलेल्या रांगांमध्ये हाच थर दूरच्या डोंगरांना फिके करत नेतो आणि कॉन्ट्रास्ट पल्ल्यात आणतो. शहराच्या बाजूला त्याचा तपकिरी पट्टा येतो, तो टाळावा. सोनेरी उजेडाबद्दल परदेशी पुस्तकांवर विसंबू नये. विषुवदिनाच्या सुमारास पुण्यात सूर्य उगवल्यावर तासाला सुमारे १४ अंश चढतो, लंडनच्या अक्षांशावर नऊ-साडेनऊ. तिथला तासभर टिकणारा मऊ प्रकाश इथे चाळीसेक मिनिटांत संपतो, म्हणून ट्रायपॉड उजाडण्यापूर्वी लागलेला असावा.

फिल्टर हा पल्ला जुळवण्याचा एक मार्ग आहे, आणि त्यातला ग्रॅज्युएटेड न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, म्हणजे अर्धा गडद आणि अर्धा कोरा, हा सह्याद्रीला विशेष सोयीचा आहे. अमेरिकन छायाचित्रकार गेलन रॉवेल यांनी डोंगरांच्या फोटोंत तो इतका वापरला की सिंग-रे कंपनीने त्यांच्या नावाने हे फिल्टर काढले. त्यांच्यापुढे टोकदार शिखरे होती आणि फिल्टरची सरळ सीमारेषा शिखराच्या शेंड्यावरून जाऊन ते काळे करत असे. आपले डोंगर बेसाल्टच्या आडव्या थरांचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, त्यामुळे माथे सपाट आणि क्षितिज बरेचसे आडवे. फिल्टरची रेष त्यावर सहज लपते. २ स्टॉपचा, मऊ सीमेचा एक फिल्टर पुरेसा आहे. ३ स्टॉपचा लावला तर आकाश जमिनीपेक्षा गडद होऊन चित्र खोटे दिसते. राजगडाच्या बालेकिल्ल्यासारखा सुळका क्षितिजातून वर आला असेल तर फिल्टर काढून ठेवावा. कात्रजच्या तलावाचे पाणी चौकटीत असेल तर ध्यानात ठेवावे की पाण्यातले प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा साधारण एक स्टॉप गडद असते, प्रतिबिंब आकाशाहून उजळ झाले की फिल्टर जास्त झाला. पोलरायझर सूर्याशी काटकोनात सर्वाधिक परिणाम करतो. हिवाळी संध्याकाळी पुरंदराची दिशा जवळपास त्या कोनात येते, तेव्हा तो ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी काढून रंग खोल करतो. २८ मिलिमीटरहून रुंद लेन्सवर त्याने आकाशात गडद पट्टा उमटतो, आणि दीड-दोन स्टॉप उजेड जातो. रांगेवर वारा असतो. ५० आयएसओची फिल्म, पोलरायझर आणि एफ/११ असे जमले की शटर १/८ सेकंदापर्यंत उतरतो आणि गवत हलते. अशा वेळी पोलरायझर सोडावा.

फिल्म कोणती घ्यावी याबद्दल फार बोलण्यासारखे आता उरलेले नाही, कारण निवडच थोडी आहे. १९३५ साली आलेली कोडॅक्रोम इतिहासजमा झाली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या तिच्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद केले. जुन्या कपाटात तिचा न धुतलेला रोल सापडला तर रंगीत निघेल ही आशा सोडावी. कोडॅकने एक्टाक्रोम बंद करून २०१८ साली ई-१०० या नावाने परत आणली. फुजीची वेल्विया ५० ही १९९० पासून डोंगर टिपणाऱ्यांची लाडकी, आणि प्रोव्हिया १००एफ तिच्यापेक्षा शांत. वेल्वियाचा चढा रंग आणि कॉन्ट्रास्ट धुरकट हवेत उपयोगी पडतो, जानेवारीचे गवत तिच्यावर सुंदर येते. श्रावणातले हिरवे मात्र ती इतके भडक करते की पाहणाऱ्याला ते खरे वाटत नाही. तिथे प्रोव्हिया किंवा ई-१०० घ्यावी. शिकण्यासाठी मी प्रोव्हियाच सुचवीन. तिचा आणखी एक फायदा आहे: उजाडण्यापूर्वीच्या लांब एक्स्पोजरला ती दोन मिनिटांपर्यंत जादा वेळ मागत नाही, तर वेल्विया ५० ला चार सेकंदांपासूनच भरपाई द्यावी लागते आणि तिचा रंग ढळतो.

कात्रजवर हात बसल्यानंतर हिमालयात जाल तेव्हा पद्धत तीच राहते, फक्त सुधारणेची दिशा फिरते. उन्हातला बर्फ मोजला की दीड ते दोन स्टॉप वाढवायचे, कारण मीटर त्यालाही राखाडी करू पाहतो. खूप उंचीवर आकाश आधीच गडद निळे असते, तिथे वेल्वियावर पोलरायझर लावला तर ते काळे पडते. कोणी म्हणेल की मग थेट तिथेच का शिकू नये. कारण तिथे दहा दिवसांची वारी असते, रोल धुऊन पाहून पुन्हा त्याच जागी उभे राहता येत नाही. पुण्याहून कात्रजला पहाटेच्या बसने किंवा दुचाकीने जाता येते, पुढच्या आठवड्यात परत जाता येते, आणि मागच्या स्लाइडमध्ये जळालेला तोच ढगाळ कोपरा त्याच वेळी पुन्हा मोजता येतो. परतून जाण्याची ही सोय मला कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा मोलाची वाटते.

उरल्या त्या काळज्या, आणि त्या आपल्या हवेत महत्त्वाच्या आहेत. रोल फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून मगच डबी उघडावी, नाहीतर फिल्मवर दव धरते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रोल विसरला तर रंगांचा तोल जातो. पावसाळ्यात धुतलेल्या स्लाइड बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात. बुरशी जिलेटिनचा थर खाते आणि ते नुकसान भरून येत नाही. पीव्हीसीच्या पिशव्या टाळून पॉलिप्रॉपिलिनच्या घ्याव्यात. विमानप्रवासात नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेला रोल जाऊ देऊ नये, हाताने तपासायची विनंती करावी. रांगेवर पिण्याचे पाणी मिळत नाही, ते बरोबर न्यावे, आणि अंधारात एकट्याने जाऊ नये. ई-सिक्स करणाऱ्या लॅब देशात मोजक्याच उरल्या आहेत, तेव्हा रोल देण्याआधी ते हे काम स्वतः करतात की पुढे पाठवतात आणि किती दिवसांनी करतात हे विचारून घ्या. पहिला रोल ऑक्टोबरात घाला, एकाच जागेवरून सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही टिपा, प्रत्येक फ्रेमला कातळ, गवत आणि ढग यांचे वेगवेगळे वाचन वहीत लिहा, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत ‘ई-सिक्स, नॉर्मल, पुश-पुल नको’ असे लिहूनच रोल लॅबकडे द्या.